नऊशे घोडे मोजले, माणसं कोणी मोजली?
बेस्टच्या महाव्यवस्थापकांना एका मालवणी मास्तराचं खुलं पत्र

प्रति,
माननीय महाव्यवस्थापक,
बेस्ट उपक्रम, बेस्ट भवन, कुलाबा, मुंबई

विषय : ट्रामवरच्या कामगारांच्या जुन्या नोंदी खुल्या करण्याबाबत

स. न. वि. वि.

मी मुंबईकर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मालवण तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, तिथेच निवृत्त झालो. आता पोफळींना पाणी लावणं आणि मिळेल ते वाचणं एवढीच कामं शिल्लक आहेत. मग या माणसाचा बेस्टशी संबंध काय, असं आपल्या टपाल विभागात कोणी विचारलं तर सांगावं, की याचे आजोबा ट्रामवर कंडक्टर होते. त्यांचा एक चुलतभाऊ ट्रामचा ड्रायव्हर होता. आमच्या वाडीतल्या त्या पिढीच्या पुरुषांची नावं घ्यायला बसलं, तर निम्मे गिरणीत, उरलेल्यांतले बरेचसे गोदीत नाहीतर ट्रामवर, आणि गावात राहिलेले एकतर म्हातारे, नाहीतर भांडकुदळ.

मागणी एकच आहे. ट्रामच्या काळातल्या कामगारांच्या ज्या नोंदी आगारांच्या कपाटांत, पोटमाळ्यांवर, गोदामांत उरल्या असतील, म्हणजे हजेरीपट, सेवापुस्तकं, बिल्ल्यांची रजिस्टरं, त्या शोधून काढा, त्यांच्या प्रती करा आणि लोकांना पाहू द्या. पुढे जे लिहितोय ते ही मागणी कशासाठी आहे ते समजावं म्हणून.

मुंबईच्या ट्रामचा इतिहास लिहिलेला नाही असं नाही. उलट, चांगलाच लिहिलाय. १८६५ साली एका अमेरिकन कंपनीने घोड्यांच्या ट्रामचा परवाना मागितला, तो मिळालाही, पण शहरात मंदी आली आणि सगळं कागदावरच राहिलं. मग १८७३ साली बॉम्बे ट्रामवे कंपनी निघाली. ९ मे १८७४ रोजी पहिली घोडाट्राम धावली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीलाच. भाडं तीन आणे, आणि तिकीट नाहीच. लोक फुकट बसायला लागले, तेव्हा त्याच वर्षी तिकिटं छापावी लागली. फुकट्या प्रवासी हा मुंबईचा तिकिटापेक्षाही जुना रहिवासी, हे वाचून मला बरं वाटलं. स्टर्न्स आणि किट्रेज या कंत्राटदारांच्या तबेल्यात ९०० घोडे होते, हेही नोंदवलेलं आहे. त्यांची कचेरी कुलाबा कॉजवेवर, आजच्या इलेक्ट्रिक हाऊसच्या जागी होती.

पुढे १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आजच्या बेस्टची पूर्वज, आली, तिने जुनी कंपनी ९८ लाख ५० हजार रुपयांना विकत घेतली, वाडीबंदरला वीजघर उभं राहिलं, आणि ७ मे १९०७ च्या संध्याकाळी महापालिकेच्या कचेरीपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत विजेवरची पहिली ट्राम गेली. १९२० मध्ये दुमजली ट्राम. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस. ७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या आठवडाभर आधी, कंपनी महापालिकेच्या ताब्यात. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम.

सगळं आहे. परवाने, करार, किमती, घोडे. पण त्या घोड्यांना हाकणारे, पुढे विजेच्या ट्रामचा वेग कमी-जास्त करणारी कंट्रोलरची मूठ फिरवणारे, तिकिटं फाडणारे, रुळांतली माती खरवडून काढणारे हजारो लोक कोण होते, कुठून आले होते, किती पगारावर होते, यावर मी वाचलेल्या कुठल्याही मजकुरात दोन ओळींच्या वर काही नाही. घोड्यांचा आकडा आहे, माणसांचा नाही. घोडे विकत आणावे लागत, म्हणून त्यांचा हिशेब राहिला असेल. माणसं तर आगबोटीने आपणहून येत होती.

कुठून येत होती याचं उत्तर जनगणनेत मिळतं. १९११ साली मुंबई शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या आत होती, आणि त्यात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लोक दोन लाखांहून जास्त होते. दर पाच माणसांत एक. त्या रत्नागिरी जिल्ह्यात आमचा आजचा सिंधुदुर्गही आला, कारण तो वेगळा झाला १९८१ साली. भाताच्या एका पिकावर आणि फणस-आंब्यावर घर चालत नसे. मुंबईची मनिऑर्डर आली तरच दुकानदाराची उधारी फिटे. आमच्या आजोबांनी मालवणहून आगबोट पकडली ती अशाच कारणाने. बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसं तिच्यापर्यंत नेत. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे आषाढात घरी कोणी वारलं तर कळायचं तारेने, आणि पोचायचं घाटावरून वळसा घालून, दिवस होऊन गेल्यावर.

मुंबईत गेल्यावर लालबागला गाववाल्यांची खोली. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच चटईवर आडवे होत. ट्रामवर चिकटायला गाववाल्याचा शब्द लागे. एकाने दुसऱ्याला चिकटवायचं, दुसऱ्याने मेहुण्याला. आजोबा म्हणत, त्यांच्या आगारात सुट्टीच्या अर्जांचा खरा गठ्ठा पडायचा तो चतुर्थीच्या आधी. कोकणातल्या माणसाला दिवाळीला कामावर ये म्हटलं तर तो येईल, गणपतीला नाही.

काम कसं होतं हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे, म्हणून मला ते पाहिल्यासारखं आठवतं. ड्रायव्हर उभाच, बसायला जागा नाही. डाव्या हाताखाली कंट्रोलरची पितळी मूठ, उजव्या हाताला ब्रेकचं चाक, आणि घंटा पायाखाली. मी लहानपणी ट्राम-ट्राम खेळताना हाताने घंटा वाजवली की ते ओसरीवरून ओरडत, "पायान रे, पायान! हात मोकळे खंय आसत तुझे?" स्टीअरिंग नाही. गाडी रूळ नेतील तिकडे जाणार. समोर हातगाडी आडवी आली तर ब्रेक, घंटा आणि शिव्या, एवढंच हाताशी.

कंडक्टरचं खरं कसब शेवटच्या थांब्यावर. तिथे ट्राम वळवत नसत, तीच गाडी उलटी चालायची. ड्रायव्हर मूठ काढून घेऊन दुसऱ्या टोकाला जाई. कंडक्टर खाली उतरून छपरावरच्या दांड्याची दोरी धरी. दांड्याच्या टोकाला खाचेचं छोटं चाक, ते वरच्या तारेवरून घरंगळत वीज खाली आणे, आणि काम झालेली वीज रुळांतून परत जाई. दोरी ओढून दांडा तारेपासून सोडवायचा, तसाच ताणून धरत गाडीला अर्धा वळसा घालायचा, आणि पलीकडून ते चाक पुन्हा बरोब्बर तारेवर बसवायचं. दिवसा हे सोपं. रात्री, पावसात, भिजलेली दोरी हातात, मान वर आणि डोळ्यांत पाणी, अशा वेळी चाक दोन-तीनदा तारेवरून सटकायचं आणि ठिणग्या उडायच्या. तेवढ्यात आत बसलेले लोक "ए, झोपलास काय?" म्हणून ओरडत असायचे. मग आत येऊन बाकांच्या पाठी एकेक करून उलट्या बाजूला ढकलायच्या, म्हणजे प्रवाशांची तोंडं पुन्हा पुढे. शेवटच्या बाकाशी पोचेपर्यंत गाडी भरलेली असे. मुसळधार पावसात रस्त्यावर पाणी चढलं की ट्राम जागच्या जागी थांबत, कारण मोटारी खाली चाकांशीच असत. आजोबा कमरेएवढ्या पाण्यातून पैशांची पिशवी डोक्यावर धरून आगारात चालत गेलेले आहेत. पैसे ओले झाले तरी चालतील, हिशेब कमी भरता कामा नये.

त्यांची ती चामड्याची पिशवी आमच्या घरी आहे. निवृत्तीनंतर आजीने ती ताब्यात घेतली आणि तीत बियाणं ठेवायला लागली. पडवळ, दोडकी, काकडी, लाल भोपळा, प्रत्येकाची कागदाची पुडी. पट्टा खांद्याच्या जागी घासून पातळ झालाय आणि आतल्या कप्प्याला आण्या-पैशांचा हिरवा गंज लागलाय. बरोबर एक पितळी बिल्लाही आहे. त्यावर फक्त नंबर, नाव नाही. आमच्या घरात आम्हाला ठाऊक आहे तो नंबर कोणाचा. माझ्या नातीनंतर ते कोणालाही ठाऊक असणार नाही.

माझ्या मागणीचं मूळ या बिल्ल्यात आहे, साहेब. कोकणातल्या कित्येक घरांत असे बिल्ले, तिकिटं टोचायचे पंच, टोप्या, ग्रुप फोटो पडून आहेत. नंबर आमच्याकडे आहेत. नावं, गावं, भरतीच्या तारखा, पगार, दंड, रजा हे तुमच्या रजिस्टरांत असेल, किंवा कधीतरी होतं. दोन्ही एकत्र आल्याशिवाय यातलं काहीच वाचता येत नाही.

आणखी एक गोष्ट लिहितो, कारण ती फारशी कुणी लिहीत नाही. ट्रामला माणसं कोकणाने दिली हे निदान बोलण्यात तरी येतं. पण वीजही पुढे कोकणातूनच येत होती. वाडीबंदरच्या वीजघरात कोळसा जळे. नंतर कंपनी टाटांची वीज घ्यायला लागली. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस धरणांत अडवून घाटाखाली सोडायचा आणि त्यावर जनित्रं फिरवायची, अशी ती योजना. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. तिन्ही आजच्या रायगड जिल्ह्यात. लालबागच्या रस्त्यावर दिवा लखलखत जाणारी ट्राम आणि तिच्यावर उभा असलेला माझा आजोबा, दोघेही घाटाखालचे. आमच्या वाडीत मात्र विजेचा दिवा लागला तेव्हा मुंबईतली ट्राम बंद होऊन काही वर्षं उलटली होती.

रुळांचंही तसंच. आजोबांनी आयुष्याची पंचवीस-तीस वर्षं रुळांवर काढली, पण त्यांच्या जिल्ह्यात रूळ त्यांनी पाहिले नाहीत. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला, आणि तिचा सगळा मार्ग विजेवर आला २०२२ साली. १९०७ आणि २०२२. ही तक्रार नाही, तुमच्या खात्याचा तो विषयही नाही. पण ट्राम म्हणजे आमच्यासाठी काय होती हे सांगताना हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्या कित्येक घरांतल्या माणसांचा यंत्राशी पहिला संबंध आला तो गिरणीतल्या मागावर किंवा ट्रामच्या कंट्रोलरवर. विजेला भ्यायचं नसतं, तिच्याशी नीट वागायचं असतं, हे गावात पहिल्यांदा सांगितलं ते ट्रामवाल्यांनी.

ट्राम का बंद झाली यावर मी वाद घालणार नाही. रस्त्याच्या मधोमध रूळ, त्यांच्या दोन्ही बाजूंना वाढत जाणाऱ्या मोटारी आणि लॉऱ्या, जुने होत चाललेले डबे, आणि बस कुठेही वळवता येते ही सोय. मद्रासची ट्राम १९५३ मध्ये गेली, दिल्लीची साठच्या दशकात, आपली १९६४ मध्ये. कोलकात्याने तेवढी धरून ठेवली. मधल्या काळात आपण ट्रॉलीबस काढून पाहिल्या, १९६२ ते १९७१. रबरी चाकं आणि वर तार, म्हणजे धड ट्राम नाही आणि धड बस नाही. त्या कोणाला आठवतही नाहीत.

पण मार्ग एकेक करून बंद होत गेले तेव्हा माणसांचं काय झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं आणि तेच कुठे वाचायला मिळत नाही. कंडक्टरचं त्यातल्या त्यात बरं होतं. तिकीट ट्रामचं काय, बसचं काय. आजोबा बसवर गेले, दोन मजले चढून-उतरून गुडघे गेले असं म्हणत, पण गेले. ड्रायव्हरचं तसं नव्हतं. आयुष्यभर स्टीअरिंगला हात न लावलेल्या माणसाला चाळिशी उलटल्यावर गर्दीतून बस हाकायला शिकायचं होतं. आमच्या चुलत आजोबांना ते जमलं नाही. रस्त्यावर गाडी डावीकडे-उजवीकडे जाऊ शकते याचीच त्यांना भीती बसली होती. ते आगारात गाड्या धुण्याच्या कामावर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. असे किती होते? किती जणांना शिकवलं, किती जण नापास झाले, किती जणांनी राजीनामा देऊन गाव गाठला? शहराने वाहतुकीचं एक साधन मोडीत काढलं तेव्हा त्यावरच्या माणसांना कसं सांभाळलं, याचा दाखला फक्त तुमच्या दप्तरात असू शकतो. आज पुन्हा बसगाड्यांचं, नोकऱ्यांचं, आगारांच्या जागांचं सगळंच बदलतंय, तेव्हा तो दाखला तुमच्याच कामाला येईल.

१५ सप्टेंबर २०२३ ला डिझेलवरची शेवटची डबलडेकर निघाली, तेव्हा लोकांनी तिला हार घातले, मोबाइलवर चित्रीकरण केलं. चांगलं झालं. त्या गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरचे चेहरे तरी आता जपले जातील. ३१ मार्च १९६४ च्या गाडीवर कोण होतं, हे मला कुठेच सापडलेलं नाही. त्या रात्री विशीत असलेला कंडक्टर आज ऐंशीच्या पुढे आहे. म्हणून हे पत्र पुढच्या वर्षीवर ढकललं नाही.

मुंबईतल्या ‘आणिक’ नावाच्या आगारातलं आपलं संग्रहालय ही मोठी गोष्ट आहे. स्वतःच्या खर्चाने स्वतःचा इतिहास जपणाऱ्या संस्था आपल्याकडे थोड्या. फक्त तिथे यंत्रं, तिकिटं आणि फोटो आहेत, तसं एक कपाट माणसांचं असावं. फ्लोरा फाउंटनजवळ खोदकामात ट्रामचे रूळ निघाले त्याचं केवढं कौतुक झालं. असाच एखादा तुकडा लालबाग-परळच्या रस्त्यावर कधी वर आला, तर तो भंगारात घालू नये, तिथेच दिसेल असा ठेवावा, एवढं महापालिकेच्या रस्ते खात्याला आपण सांगू शकाल. फाउंटनला पर्यटक पाहतील; परळला ज्यांचं आहे ते पाहतील. पण रूळ नाही मिळाले तरी चालेल. रजिस्टरं हवीत. ती वाळवीने खाल्ली असतील, रद्दीत गेली असतील, तर तसं स्पष्ट कळवावं. म्हणजे आम्ही वाट पाहणं थांबवू आणि आमच्याकडचं जेवढं आहे तेवढं तरी लिहून काढू.

हे पत्र खुलं लिहिलं त्याचं कारण, ते तुमच्याइतकंच आमच्या मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांनीही वाचावं. देवळाचा जीर्णोद्धार, सभामंडप, स्वागत कमान यांसाठी वर्गणी काढता तशी यासाठी नको, पैसे लागत नाहीत. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायच्या आधी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक एकदा उघडून पाहा. पितळ म्हणून बिल्ला भंगारवाल्याला घालू नका. फोटोच्या मागे नावं लिहा, आणि ती पेन्सिलीने लिहा, शाईने फोटो खराब होतो. मालवणी भाषेत नावांचे जे उद्धार तुम्ही करता तेही लिहिलेत तरी हरकत नाही, त्यावरूनच माणूस ओळखता येतो.

साहेब, आपण हे मनावर घेतलंत तर माणसं शोधायला मुंबईभर फिरावं लागणार नाही. चतुर्थीत आमच्याकडे या. ट्रामवाल्यांची मुलं, सुना, नातवंडं तेव्हा गावातच असतात, आणि म्हातारी माणसंही त्या आठवड्यात बोलायच्या मूडमध्ये असतात. आपला एक माणूस आणि एक स्कॅनर एवढं पाठवलं तरी पुरे. शाळेला सुट्टी असते, वर्ग मोकळे असतात, चावी मिळवायची जबाबदारी माझी. आजूबाजूच्या वाड्यांत निरोपही मी देईन. राहणं-जेवण आमच्या घरी, मात्र सामिष जेवण गौरी-गणपती गेल्यावरच. स्कॅनर तेवढा आपण न विसरता आणावा, कारण आमच्या बाजारातला झेरॉक्सवाला चतुर्थीला दुकान बंद करून भजनाला जातो.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग